परवड निर्देशांक

"बोला," पलीकडून आवाज आला, आणि तो बाबांचा होता. फोन उचलला की हॅलो न म्हणता 'बोला' म्हणायची त्यांची जुनी सवय. आई म्हणायची, फोन करणारा माणूस अर्ज घेऊन उभा आहे असं ह्यांना वाटतं. पण हे सगळं माझ्या डोक्यात येईपर्यंत तोंडातून पुढचं वाक्य निघून गेलं होतं. "नमस्कार काका, मी शशिकला बोलतेय. पेपरात जाहिरात बघितली, पनवेलचं घर भाड्याने द्यायचंय ना?" हे वाक्य मी दिवसभर म्हणत असते, त्यामुळे ते माझ्यासाठी थांबत नाही. वाक्य पुढे गेलं आणि मी मागे राहिले, हेडफोन कानावर, हात कीबोर्डवर. "हो, द्यायचंय," बाबा म्हणाले. "तुम्ही कुठून बोलताय?" ते मला अहोजाहो करत होते. मला आधी त्याचंच हसू आलं, आणि मग ते काय म्हणाले ते कळलं. घर द्यायचंय म्हणाले होते.

माझं नाव शशिकला नाही. माझं नाव नीता, पन्नाशी ओलांडलीय, आणि खारघरच्या एका ऑफिसात मी घरांचे आकडे गोळा करते. शहर वाढतंय, ते कसं वाढतंय हे चालवणाऱ्यांना कळायला हवं, म्हणून आमच्या कंपनीला हे काम मिळालंय: पनवेल आणि आसपास घरं किती, भाड्याने किती जातात, कुलूप लावून किती पडलीत, आणि मुख्य म्हणजे ती कोणाला परवडतात. विकायच्या घरांचे भाव कागदावर सापडतात, निदान अर्धे तरी. भाड्याचं तसं नाही. करारात एक लिहितात, हातात दुसरं घेतात, जाहिरातीत तिसरंच छापतात. खरं काय ते पाहिजे असेल तर भाडेकरू होऊन फोन करावा लागतो. आमच्याकडे त्याला 'भाडेकरू होणं' असंच म्हणतात. "नीताताई, आज कामोठ्याला भाडेकरू व्हा," असं अनुष्का सकाळी सांगते. अनुष्का माझी वरिष्ठ, माझ्या मुलीच्या वयाची. जाहिराती दुसऱ्या खोलीत कोणीतरी भरून ठेवतं. माझ्या पडद्यावर फक्त विभाग दिसतो. नाव आणि नंबर झाकलेले असतात, कोणाची खाजगी माहिती भलत्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. नंबर संगणकच लावतो. घर पाहावं बांधून म्हणतात, आम्ही घर पाहतो फोनवरून. इतकी वर्षं पनवेलच्या घरमालकांशी बोलतेय, पण रस्त्यात समोर आला तर त्यातला एकही मला ओळखू यायचा नाही.

सुरुवातीला मी नुसतंच "घर हवंय" म्हणत असे. पण घरमालक तेवढ्यावर सोडत नाहीत. नवरा काय करतो, मुलं किती, गावाहून माणसं येऊन राहतात का, सगळं उलट विचारतात. मग हळूहळू शशिकलाला संसार द्यावा लागला. तिचा नवरा न्हावा शेव्याला एका मालवाहतुकीच्या कंपनीत, बदली होऊन आलाय कोल्हापूरहून. एक मुलगा दहावीत. सासूचे गुडघे दुखतात, म्हणून लिफ्टचं विचारावं लागतं. शशिकला माझ्यापेक्षा बारीक आवाजात आणि गोड बोलते. वाक्याच्या शेवटी 'हं' लावते, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेते, घाई म्हणून करत नाही. ओवे गावच्या सोनाबाईंना चाळीतल्या दोन खोल्या द्यायच्या होत्या, त्यांनी तर शशिकलाची मुलाखतच घेतली. "मावरा खाता का नाय?" त्यांनी विचारलं. मासे खातो हं, शशिकला म्हणाली. "मंग बरा. न खानारी मानसा आली ना, त्यांना आमचे घरचा वास लागतो. मंग खिडक्या लावून बसतात. खिडक्या लावनारा भाडोत्री आमाला नको बाय." शशिकला हसली होती, अगदी मनापासून. रेकॉर्डिंग ऐकताना अनुष्का म्हणाली, "ताई, घरी नाही हसत ना तुम्ही अशा?" मी म्हटलं, घरी कोण आहे हसायला. सहज म्हटलं होतं. माझा नवरा विश्वजीत महिन्यातले निम्मे दिवस कामानिमित्त बाहेर असतो, आणि मुलगी रेवा नोकरीसाठी बंगळूरला गेल्यापासून तिची खोली इस्त्रीला जाणाऱ्या-येणाऱ्या कपड्यांची झालीय. आमच्या व्याख्येप्रमाणे आमचं घर 'वापरात' आहे. आतल्या खोल्या कोणी मोजत नाही.

ह्या व्याख्यांची एक गंमतच आहे. घराचा खर्च कमाईच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत बसला की घर परवडतं, असं धरायचं. कोणी धरलं, कशावरून, मला विचारू नका. त्यावरून प्रत्येक विभागाचा एक आकडा काढायचा आणि नकाशा रंगवायचा, हिरवा, पिवळा, लाल. नकाशा लोकांना दिसणार म्हणून मराठीत हवा. तेव्हा कोणीतरी, बहुधा मराठीशी बेताचीच ओळख असलेल्या कोणीतरी, 'परवडणे' ह्या शब्दाचं शेपूट कापलं आणि वर ठळक अक्षरांत टाकून दिलं: परवड निर्देशांक. मी हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. "अगं, परवड म्हणजे हाल. हालांचा निर्देशांक काढलात तुम्ही. काढा, काढा, त्याचीच गरज होती." मी अनुष्काला सांगितलं, तिने वर विचारलं, वरून उत्तर आलं की चौकटीत ह्याहून मोठा शब्द मावत नाही, असू दे. मग तोच राहिला. आता आम्हालाही खटकत नाही. "खांदा कॉलनीची परवड सुधारली," असं आम्ही चहा पिताना म्हणतो, आणि कोणी मान वर करून बघत नाही. बाबांचं ते हसणं मात्र माझ्या लक्षात राहिलंय, कारण त्यानंतर फोनवर ते तसे हसल्याचं आठवत नाही. आता हसायला काहीतरी सांगायला तर हवं कोणी.

तर बाबा म्हणाले, तुम्ही कुठून बोलताय, आणि शशिकला म्हणाली, कोल्हापूरहून बदली झालीय हो, सध्या नातेवाइकांकडे उतरलोय. त्याच वेळी मी "बाबा, अहो मी" असं म्हणू शकले असते. ते का म्हटलं नाही ह्याचं कारण मला अजून धड सांगता येत नाही. रेकॉर्डिंग चालू होतं हे एक. पण खरं म्हणजे मला ऐकायचं होतं. माणसाला आपल्या पाठीमागे आपलं घर काय बोलतं ते ऐकायचं असतं, तसं. "किती खोल्या आहेत काका?" शशिकलाने विचारलं. "दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दुसरा मजला. लिफ्ट नाही, हे आधीच सांगतो." "अगबाई. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात हो." "मग जिना जरा त्रासाचा," बाबा म्हणाले, "पण पायऱ्या ठेंगण्या आहेत. माझी बायको शेवटपर्यंत चढली. मध्ये एक कठडा आहे, तिथे टेकायची." मी 'लिफ्ट नाही' वर खूण केली. त्या कठड्यावर आई टेकायची ते मी पाहिलंय, भाजीची पिशवी पायाशी ठेवून. वरून हाक मारली की म्हणायची, येतेय, मी काय पळून जातेय. पाणी दोन वेळा. गाडी लावायला जागा नाही. भाडं त्यांनी सांगितलं ते त्या भागाच्या मानाने फारच कमी होतं. पटकन कोणीतरी यावं म्हणून माणूस जे सांगतो तसलं. मी तेही भरलं.

फॉर्ममधले घराचे प्रश्न तिथे संपतात. पुढचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. "काका, सकाळचं ऊन येतं का हो घरात?" बाबांचा आवाज एकदम बदलला, कोणी चहा विचारल्यावर बदलतो तसा. "येतं ना. चांगलं ओट्यापर्यंत येतं. थंडीत तर पार फ्रिजपर्यंत. मी चहा घेऊन तिथेच बसतो स्टुलावर. ऊन सरकलं की स्टूल सरकवतो." मला हे स्टुलाचं माहीत नव्हतं. माझ्या डोक्यातले बाबा सकाळी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पेपर वाचत बसलेले असतात, आणि त्या खुर्चीतून त्यांना उठवायचं मला कधी सुचलंच नाही. "आणखी एक सांगून ठेवतो," ते म्हणाले. "मोरीच्या दाराशी एक लादी हलते. आम्हाला सवय आहे, आम्ही ओलांडून जातो. तुमच्या सासूबाई आहेत म्हणून सांगतो, त्यांनी जपून." ह्या जगात नसलेल्या एका बाईच्या गुडघ्यांची काळजी ते करत होते. शशिकला म्हणाली, बरं झालं सांगितलंत हं.

"तुम्ही स्वतःच राहता का तिथे?" "हो, सध्या तरी." "मग घर का देताय?" हा प्रश्न मात्र फॉर्ममध्ये आहे, शेवटचा. बाबा म्हणाले, "आपट्याला जातोय. पाताळगंगेच्या काठाला ज्येष्ठांसाठी एक निवास आहे. जाऊन खोली बघून आलो. आमच्या कारखान्यातले दोघं आहेत तिथे, पत्त्यांना एक भिडू कमीच पडतोय म्हणाले. पहिल्या तारखेला या म्हणालेत." जाऊन बघून आले होते. म्हणजे एस.टी. स्टँडवर उभे राहिले असणार, गाडीत चढले असणार, उतरून चालले असणार, आणि परत येऊन, मी फोन केला असेल तर, मला म्हणाले असणार की काही नाही, बसलोय. "मुलंबाळं?" शशिकलाने विचारलं. तिचा आवाज तसाच गोड होता, ह्याचं मला कौतुक वाटलं. "एक मुलगी आहे. खारघरला असते." "तिला सांगितलंत?" पलीकडून पंख्याचा खटखट आवाज आला, तो बाहेरच्या खोलीतला. "सांगेन. सगळं ठरलं की सांगेन. तिच्यामागे कामं असतात, सगळ्या शहराची घरं मोजते ती. आणि सांगायचं म्हणजे असं आहे बघा. ती नको म्हणाली तर पंचाईत. आणि म्हणाली नाही तर त्याहून पंचाईत."

मी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत होते. शशिकला म्हणाली, "पण एवढं राहतं घर कशाला सोडताय काका?" "परवडत नाही हो आता." "घर तर तुमचंच आहे ना?" "घर माझंच आहे. एकटं राहणं परवडत नाही." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. भाजी महाग झाली म्हणावं तसं म्हणाले. "एकवेळ भांडण परवडलं. माझी बायको भांडायची, ते परवडायचं. पण उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत तोंड मिटून बसायचं म्हणजे अवघड जातं. दुपारी कधी कधी पेपर मोठ्याने वाचतो. आवाज आहे ना जागेवर, ते बघायला. जाऊ दे, हे तुम्हाला काय सांगत बसलो. तुम्ही असं करा, घर बघायलाच या. आज संध्याकाळी या सहाच्या पुढे. मी आहेच." "येते हं काका," शशिकला म्हणाली, आणि लाइन बंद झाली.

मी फॉर्म पुरा केला. राहणारा: मालक स्वतः. घर देण्याचं कारण: परवडत नाही. चौकट लाल झाली आणि खाली अक्षरं उमटली: विसंगत, तपासा. अनुष्काच्या पडद्यावरही ते दिसतं, ती उठून आली. "ताई, मालकाला स्वतःचं घर कसं नाही परवडणार? 'इतर' टाका ना." मी म्हटलं, टाकते. टाकलं नाही. मोबाइल घेऊन जिन्यात गेले आणि बाबांना फोन लावला, नीता म्हणून. "बोल," ते म्हणाले. त्यांच्या 'बोला'चा आ माझ्या वाट्याला येत नाही. "काय करताय?" "काही नाही, बसलोय." "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." "जेवलात?" "हो." मी थांबले. इथे ते सांगतील असं मला वाटलं होतं. नुकतंच तर बोलत होते, जीभ सैल असेल. "तुझं बरं आहे ना?" ते म्हणाले. "बरंय. ठेवते मग." "ठेव." शशिकलाशी ते किती वेळ बोलत होते आणि माझ्याशी किती, हे कोणालाही दोन कॉल शेजारी ठेवून बघता आलं असतं. मला शशिकलाचा राग आला. हे लिहितानाही वेडगळ वाटतंय, पण आला खरा.

शशिकला सगळ्यांना "येते हं" म्हणते आणि कुठेच जात नाही. जायचं नसतंच, आमचं काम फोनपाशी संपतं. त्यानंतर ते घरमालक काय करतात ह्याचा मी आजवर विचार केला नव्हता. केर काढत असतील. सोनाबाईंनी खोल्यांची कुलपं उघडून ठेवली असतील, खिडक्याही. जिन्यात पाऊल वाजलं की कोणी दाराशी येऊन बघत असेल, आणि मग दिवे लागल्यावर म्हणत असेल, नाही येत वाटतं. एवढ्या सगळ्या संध्याकाळी मी तयार केल्या आणि त्या कुठल्याच चौकटीत बसत नाहीत. मी पर्स उचलली आणि अनुष्काला म्हटलं, घर बघायला जातेय. तिला तो विनोद वाटला, ती हसली. 

कळंबोलीला न्हावा शेव्याचे कंटेनर आडवे-उभे अडकले होते आणि मी त्यांच्या मागे गाडी बंद करून बसले. आम्ही पनवेलला आलो तेव्हा मी शाळेत होते. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत होते, क्वार्टर मिळत होतं, पण आईला पनवेलच हवं होतं. पनवेल वाटेवर आहे, ती म्हणायची, येणारे-जाणारे थांबतील. आणि थांबत असत. कोकणात जाणारे, पुण्याहून येणारे, सगळे पनवेलला एस.टी. बदलत, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आमच्या घरी. कोणाच्या हातात फणस, कोणाच्या कडेवर मूल. गाडी लागली का बघायला मला स्टँडवर पिटाळत. आईला चहाचं आधण खाली उतरवायला फुरसत नसे आणि ती त्यावर कुरकुर करायची, ती कुरकुर म्हणजे तिची ऐट होती. मग हळूहळू सगळ्यांच्या गाड्या झाल्या, मोठा रस्ता कडेने निघून गेला आणि लोक पनवेलवरून जाऊ लागले, पनवेलला येईनात. आमच्या नकाशावर तो भाग लाल आहे, मागणी फार म्हणून. विमानतळ, रस्ते, सगळ्यांना तिथेच राहायचंय म्हणे. आणि तिथल्या दुसऱ्या मजल्यावर एक माणूस आवाज जागेवर आहे ना ते बघायला पेपर मोठ्याने वाचतो. पुढचा कंटेनर हलला तेव्हा मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, माझ्यावरच.

बेल वाजवली तर दार लगेच उघडलं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मानेला पावडर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे. "तू? आज कशी?" "इकडे काम होतं." "बरं झालं," ते म्हणाले, पण दारातून बाजूला व्हायला त्यांना एक क्षण लागला. आत केर काढलेला होता, ओल्या फडक्याचा वास येत होता. टीपॉयवर दोन कप पालथे घातलेले, बशीत खारी. मी खुर्चीवर बसले, ते उभेच राहिले. "चहा घेऊ ना मी पण?" मी म्हटलं. "घे ना. म्हणजे टाकतो. जरा माणसं यायचीयत." "कोण?" "आहे एक बाई. कामाचं आहे." ते सज्जात जाऊन खाली बघून आले. "तुला उशीर नाही ना होत? कळंबोलीला ह्या वेळी फार अडकतं." बाबांना माझ्यापासून काही लपवता येत नाही अशी माझी समजूत होती. त्यांना येत होतं, नीट येत होतं, फक्त मी घरात बसलेली असताना येत नव्हतं. मी हलले नाही. चहा झाला, माझ्यासाठी त्यांनी आतून वेगळा कप आणला. मग दोघं चहा पीत भाडेकरूची वाट बघत बसलो. वरच्या पंख्याचा खटखट आवाज दुपारी फोनवर ऐकला होता तोच.

मला सगळे रस्ते दिसत होते. शशिकलाने फोन करून सांगावं, येणं होत नाही हं काका. मग उद्या दुसरा कोणी येईल, त्या भाड्यात कोणीही येईल, आणि पहिल्या तारखेला ते मला सांगतील की सगळं ठरलंय. किंवा मी सांगावं की मी होते ती. पण मग त्यांनी जे एका परक्या बाईला सांगितलं, ते परकी म्हणूनच सांगितलं, ते सगळं मी हिसकावून घेतल्यासारखं होईल. आणि त्यांच्याकडे बोलायला ती एवढीच होती. "कोण बाई आहे?" मी विचारलं. "ओळखीची नाही. फोनवर बोलली. चांगली बोलते." "काय बोललात?" ते कपाच्या कानाशी चाळा करत होते. "असंच. घरात सकाळचं ऊन कुठपर्यंत येतं, विचारत होती." मग कप खाली ठेवून म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी कोणीतरी विचारलं." खाली बोळातून कोणाची तरी गाडी गेली. ते उठून पुन्हा सज्जात गेले, परत आले, टीपॉयवरचा उरलेला पालथा कप त्यांनी उचलला. "नाही येत वाटतं," ते म्हणाले. मला वाईट वाटलं, साधं आणि सरळ वाईट वाटलं. घर भाड्याने गेलं नाही ह्याचं दुःख त्या चेहऱ्यावर नव्हतं. त्यांना ती बाई यायला हवी होती.

"काका," मी म्हटलं, "उशीर झाला हं. कळंबोलीला अडकले होते."

ते कप हातात धरून उभे राहिले. ते दुपारचं एकेक वाक्य मागे जाऊन तपासत असावेत, कारण त्यांची नजर खाली गेली आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं आता रागावतील, आणि रागावले असते तर ते परवडलं असतं. त्यांनी कप जागेवर ठेवला, शर्ट खाली ओढून नीट केला. "लिफ्ट नाही हे मी आधीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "सासूबाईंना नाही आणलंत?" "त्या नाहीतच," मी म्हटलं. "बरं," ते म्हणाले. "मग या. घर बघून घ्या."

त्यांनी मला घर दाखवलं. आतली खोली, कपाट कुठे राहील; ते कपाट त्यांना घरासोबतच भाडेकरूला द्यायचं होतं. स्वयंपाकघरात स्टूल ओट्याखाली सरकवून ठेवलं होतं, त्यांनी ते बाहेर काढून दाखवलं. "इथून सुरुवात होते," ते पायाने लादीवर रेघ ओढत म्हणाले, "आणि नऊच्या सुमाराला इथे." मी मान हलवत होते. शशिकलासारखं पूर्ण ऐकून घेत होते, आणि ते जमत होतं, त्याला वेगळा आवाज लागत नव्हता. मोरीच्या दाराशी आलो तेव्हा ते पुढे होते. त्यांनी ती लादी ओलांडली, मागून मीही ओलांडली. ते थांबले, वळून लादीकडे बघत राहिले, मग माझ्या पायांकडे. "नवा माणूस पहिल्या दिवशी ह्याच्यावर पाय देतोच," ते म्हणाले. "तुम्ही नाही दिलात." मग त्यांनी भिंतीला हात टेकला, आणि त्या अरुंद जागेत, मोरीच्या दारात, मी शाळेत असताना गणित अडलं की ज्या स्वरात ते 'कुठे अडलं' विचारायचे, त्या स्वरात म्हणाले, "नीता, मी आपट्याला जाऊ का गं?"

माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. रेवाची खोली, विश्वजीतचे दौरे, तिथे ऊन येतं की नाही हे मला माहीत नाही, बघावं लागेल.

"नको," मी म्हटलं. कोणाच्या आवाजात ते मला कळलं नाही.

बाबा लादीकडे बघत होते. "म्हणजे पंचाईत झाली म्हणायची," ते म्हणाले, आणि आत जाऊन चहाचं आधण पुन्हा ठेवलं.